दोष कुणाच्या पदरी?

दापोलीत आमच्या भाविकांची घरे मोजकीच. त्यामुळे कुणाच्या घरी काय चालले आहे, हे धर्मगुरूला न विचारताच कळते. परंतु कळणे आणि समजणे यांत अंतर असते, हे आम्हांला एका बारा वर्षांच्या मुलाने शिकविले.

हा मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेमाने येई. एका रविवारी प्रार्थना घडाघडा म्हणे. पुढच्या रविवारी त्याला एक ओळ आठवत नसे. एकदा आम्ही त्याला मेणबत्त्या व आगपेटी आणावयास बाजारात पाठविले. तो नुसत्या मेणबत्त्या घेऊन परतला. उरलेले पैसे कुठे, असे विचारताच त्याने तीन वेळा तीन निरनिराळी उत्तरे दिली. आम्ही चारचौघांत त्याला खोटारडा म्हटले आणि वेदीसेवकांतून काढून टाकले. पुढच्या रविवारी तो काहीच न घडल्यासारखा आपल्या जागी येऊन उभा राहिला. आम्ही त्याला निर्लज्जपणा समजलो.

पुढे शाळेतील आरोग्य तपासणीनंतर त्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठविण्यात आले. आई एकटी जाण्यास धजेना, म्हणून आम्ही सोबत गेलो. डॉक्टरांनी हळुवारपणे विचारले, "पोटुशी असताना दारू घेत होता का?" ती माउली खाली पाहू लागली. दिवसभर आंब्याच्या बागेत मजुरी, संध्याकाळी अंग ठणकायचे. नवऱ्याने आणलेल्या हातभट्टीतले दोन घोट घेतले की झोप लागायची. तिला कुणी कधी 'नको' म्हटले नव्हते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आईने घेतलेले मद्य वारेतून गर्भाच्या रक्तात पोहोचते. गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने त्याला ते लवकर पचविता येत नाही. मेंदूची घडण नऊही महिने चालू असते. म्हणून गरोदरपणात मद्याचे सुरक्षित प्रमाण नाही आणि सुरक्षित महिनाही नाही. काही मुलांचा वरचा ओठ पातळ, त्यावरील खाच सपाट आणि डोळ्यांच्या फटी लहान असतात. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. दिसते ते वागण्यात: विसरणे, वेळेचा व पैशाचा हिशेब न लागणे, कृती आणि परिणाम यांचा सांधा न जुळणे. आठवणीतली पोकळी भरून काढण्यासाठी मूल जे सुचेल ते बोलते, आणि आपण त्याला खोटे ठरवितो.

फ्रान्समधील पॉल लेमोआन या डॉक्टरांनी १९६८ साली अशा मुलांविषयी प्रथम सविस्तर लिहिले. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी या लक्षणसमूहाला नाव दिले. आज या विकारांच्या साऱ्या गटाला 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर' म्हणतात. १९९९ पासून दरवर्षी ९ सप्टेंबर हा त्याविषयीच्या जागृतीचा दिवस पाळला जातो. नऊ महिन्यांची आठवण म्हणून नववा महिना, नववा दिवस. गरोदरपणी मद्य घेणाऱ्या दर तेरा स्त्रियांमागे एकीच्या बाळाला हा विकार होतो, असा जागतिक अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला.

परतताना एसटीत त्या माउलीने विचारले, "फादर, हे माझ्यामुळं झालं का हो?"

सेमिनरीत शिकलेली सारी उत्तरे आम्हांला त्या क्षणी अपुरी वाटली. शेवटी आम्ही म्हणालो, "बाई, तुम्हांला ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते, आणि सांगण्याचे काम आमचे होते." शमशोनच्या आईला देवदूताने गरोदरपणी मद्य वर्ज्य करण्यास सांगितल्याचे शास्ते या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायात आम्ही कितीदा वाचले होते! पण विवाहपूर्व मार्गदर्शनात त्याचा उच्चार कधी केला नाही. बाटल्यांवर २०१९ पासून मद्य आरोग्यास घातक असल्याचा आणि पिऊन वाहन न चालविण्याचा इशारा सक्तीचा झाला. त्यात गर्भाचा उल्लेख नाही. मग दोष एकट्या आईच्याच पदरी का बांधावा? तिच्यापुढे पेला ठेवणारा नवरा आणि गप्प राहणारे आपण सारेच त्यात वाटेकरी आहोत.

मेंदूची ही हानी भरून निघत नाही. पण योग्य आधाराने मूल सावरते. एका वेळी एकच सूचना, रोज तोच क्रम, चित्रांची मदत आणि न रागावता पुन्हा पुन्हा सांगणे, एवढे घरीही जमते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. तथापि बौद्धिक अक्षमता वा अध्ययन अक्षमता आढळल्यास प्रमाणपत्र मिळू शकते. शाळेतील तपासणी पथक आणि जिल्ह्याचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांकडे पालकांनी निःसंकोच जावे. गरोदर स्त्रीला मद्याची जुनी सवय असेल, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. तिला हिणवू नये, कारण हिणवलेली स्त्री लपवून पिते.

तो मुलगा आता पुन्हा वेदीसेवक आहे. मेणबत्त्या लावण्याचा क्रम आम्ही चित्रे काढून भिंतीवर लावला आहे. आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो गोंधळून पाहत राहिला. तो प्रसंग त्याला आठवतही नव्हता. आम्हांला मात्र तो विसरता येत नाही. वाचकहो, आपल्या आळीतही असे एखादे 'खोटारडे', 'आळशी' मूल असेल. त्याला नाव ठेवण्यापूर्वी त्याच्या आईच्या शेजारी घटकाभर बसा.