टायर फुटतो तो हवा कमी म्हणून

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढला की महामार्गाच्या कडेला टायरच्या फाटक्या पट्ट्या पडलेल्या दिसू लागतात. त्यांचं कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं: उन्हाने हवा फुगली आणि टायर फुटला. मग उपायही तयारच असतो. धुळ्याला आग्रा रोडवर पंक्चरच्या टपरीपाशी उभे राहा, ड्रायव्हर सांगताना ऐकू येईल, ‘भाऊ, ऊन भलतं शे, हवा कमी कर.’ फुटलेले टायर उघडून ते कशाने गेले हे ठरवणं हा माझा धंदा. उन्हाळ्यात माझ्यासमोर येणाऱ्या टायरांत या उपायाने गेलेल्यांचा वाटा मोठा असतो.

टायर कशाने गेला, हे त्याच्या पोटात लिहिलेलं असतं. दगडाचा किंवा खड्ड्याचा मार बसला असेल, तर आतल्या बाजूला फुलीसारखी चीर सापडते. हवा सतत जास्त असेल, तर टायर मधोमध झिजतो. कमी हवेवर पळालेल्या टायरच्या आत हात फिरवला, तर बोटांना काळी भुकटी लागते आणि बाजूच्या भिंतीवर गोल सुरकुती दिसते. हवा कमी पडली की ही भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सुटते. ताशी ६० किलोमीटर वेगाला ट्रकचं चाक मिनिटाला ३०० हून अधिक फेरे घेतं. या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि रबर उष्णता लवकर सोडत नाही. रबर आणि पोलादी तारा यांची पकड सैल होत जाते, आणि मग वरचा थर सोलून निघतो. रस्त्याकडेला दिसतात त्या पट्ट्यांपैकी बऱ्याच अशाच निघालेल्या असतात. बिजासनचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेक ड्रमची धग रिममधून पोचते, ती वेगळीच.

आता त्या टपरीवरचा हिशेब मांडू. मे महिन्यातल्या पहाटे, तापमान २८ अंश असताना, ११० पौंड हवा भरली. दुपारी गाडी धावून टायरमधली हवा ७० अंशांपर्यंत तापली की तोच गेज साधारण १२७ पौंड दाखवतो. हे वाढलेले १७ पौंड टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असतात. ड्रायव्हर मात्र घाबरून हवा सोडतो आणि काटा पुन्हा ११० वर आणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर गार झाला की आत उरतात जेमतेम ९५. त्या दिवशी भिंत जास्त दबणार, टायर जास्त तापणार, दुपारी काटा पुन्हा चढलेला दिसणार आणि पुन्हा हवा सुटणार. उन्हापासून वाचवायला म्हणून केलेला हा उपायच टायर तापवतो.

म्हणून नियम एकच. दाब मोजायचा तो गार टायरचा, गाडी हलण्याआधी, शक्यतो सकाळी आणि सावलीत. गाडी धावून आली असेल, तर तीन-चार तास थांबायचं. गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही. ऋतू बदलला की मात्र पुन्हा मोजायचं. जानेवारीत १० अंशांच्या पहाटे भरलेले ११० पौंड ४५ अंशांत उभ्या गाडीतही १२५ च्या आसपास दिसतात; उलट मे महिन्यात भरलेली हवा थंडीत उतरते. ‘नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही’ हेही खरं नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. नायट्रोजन कोरडा असतो, हा मात्र फायदा.

गार टायर मिळणं हीच खान्देशातली खरी अडचण आहे. रावेर-सावद्याहून केळी घेऊन बऱ्हाणपूर, इंदूरमार्गे उत्तरेकडे निघालेली गाडी वाटेत फारशी थांबत नाही, कारण माल पिकायला थांबत नाही. त्या गाडीचे टायर गार सापडतात ते फक्त बागेजवळ, घड कापले जाईपर्यंत ती उभी असते तेव्हा. मोजायचं तिथेच. माल भरल्यावर गेजवरचा आकडा जवळजवळ हलत नाही, म्हणून ड्रायव्हर निश्चिंत होतो. पण वजन हवा उचलते, टायर ती फक्त धरून ठेवतो. आकडा तोच राहिला तरी भरलेल्या गाडीची गरज वाढलेली असते. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला, पण पुष्कळ गाड्यांत हवा जुन्याच सवयीने भरली जाते.

या चार टायरांत सर्वांत दुर्लक्षित असतो तो जोडचाकातला आतला. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, म्हणून क्लीनर बाहेरूनच टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून आवाज ऐकतो. ठोकल्यावर टायर पूर्ण बसला आहे का, तेवढं कळतं. २० पौंडांची तूट कुठल्याही कानाला कळत नाही. आतला बसला की त्याचा भार बाहेरच्यावर येतो. ११.५ टनांच्या अ‍ॅक्सलला एकट्या टायरवर पावणेसहा टन. तो फुटतो तेव्हा दोष त्याच्या माथी बसतो. गुन्हेगार शेजारी असतो.

ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के खाली गेलेला टायर पंक्चर समजावा आणि रस्त्यातच हवा मारून पुढे दामटू नये. भिंतीतल्या तारा आधीच तुटलेल्या असतील, तर हवा भरताना ती टायरच्या गोलाईने चिरत उघडते. सुटी रिंग बसवलेल्या लॉकरिंगच्या रिमला तर ती रिंग उडून माणूस जागीच जाऊ शकतो. लांब नळी लावावी, चाक पिंजऱ्यात ठेवावं आणि भरणाऱ्याने समोर न राहता बाजूला उभं राहावं. आपल्याकडच्या बहुतेक टपऱ्यांवर पिंजरा नाही, पण बाजूला उभं राहायला पैसे लागत नाहीत.

चांगला गेज हजार-दीड हजारात मिळतो. एक ट्रक टायर २० हजारांच्या पुढे जातो. तरीही दहा चाकी गाडीचे टायर मोजायला जी १५-२० मिनिटं लागतात, ती कोणाच्याच हिशेबात नसतात. ड्रायव्हरला ट्रिपवर पैसे मिळतात, क्लीनरला भत्ता. मोजण्याचा मोबदला कोणीच देत नाही, म्हणून मोजलं जात नाही. मालकांनी आतल्या टायरला व्हॉल्व्हची जोडनळी बसवावी, कुठल्या चाकात किती पौंड ते केबिनच्या दारावर रंगवून ठेवावं, आणि रोजच्या मोजणीची वही ठेवून त्या २० मिनिटांचे पैसे ड्रायव्हरच्या हातात ठेवावेत. टायरचं बिल कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.