सूट कोणाच्या खिशातून?

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी एके काळी चामोर्शीच्या बाजारपेठेत हमखास दिसे. पाटी कितीही ठळक असली तरी उधारी कधी थांबली नाही, आणि ती थांबणे शक्यही नव्हते. हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरातून पैसा बाहेर पडतो आणि परत येतो तो धान कापून, चुरून विकल्यावर. आषाढात नेलेल्या मालाचे पैसे मार्गशीर्षात हाती आले, तरी दुकानदार समाधान मानी. अशा गावात नोटा मोजून देणाऱ्या गिऱ्हाइकाला वेगळा मान असणे स्वाभाविकच होते. “रोख देतो, काही कमी करा,” या मागणीला तेव्हा अर्थ होता.

गावातील एक निवृत्त शिक्षक ही मागणी आयुष्यभर करीत आले. पगार दरमहा हाती येत असल्याने उधारी करण्याची त्यांना गरज पडली नाही. विजेच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात त्यांना शंभरामागे दोन रुपये सूट मिळे आणि त्या सुटीचा त्यांना अभिमान होता.

तो अभिमान अनाठायी नव्हता. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी दोन सुटी शिकतो. व्यापारी सूट किंमतपत्रकातील भावावर मिळते, तर रोख सूट वेळेवर पैसे देण्याबद्दल मिळते. १२,००० रुपयांचा माल दोन महिन्यांच्या उधारीवर गेला आणि दुकानदार बँकेला वार्षिक १२ टक्के व्याज भरत असला, तर त्या दोन महिन्यांचे व्याज २४० रुपये होते, म्हणजे नेमके दोन टक्के. रोखीने देणाऱ्याला तेवढे सोडल्याने दुकानदाराचे काही जात नाही, उलट वसुलीची पायपीट वाचते. ही सूट म्हणजे वाचलेल्या व्याजाची वाटणी होय.

पुढे घराच्या दुरुस्तीसाठी शिक्षकांनी त्याच दुकानातून पंखे, वायर आणि बटणे घेतली. गल्ल्यावर आता मुलगा बसत होता. मालाची किंमत २०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६०० रुपये. शिक्षकांनी सवयीप्रमाणे रोखीची सूट विचारली. मुलाने आवाज उतरवून विचारले, “गुरुजी, पक्कं बिल पाहिजे की कच्चं? पक्क्याचे तेवीस हजार सहाशे. बिल नको असेल तर एकवीस हजारांत करून देतो.”

एका वाक्यात २,६०० रुपये वाचत होते. गुरुजींचा हात खिशाकडे गेला. इतक्यात आतल्या बाजूला बसलेले वृद्ध मालक म्हणाले, “गुरुजी, आजवर तुम्हाला दोन टक्के दिले ते माझ्या गल्ल्यातले होते. हे छत्तीसशे माझेही नाहीत आणि पोराचेही नाहीत. दुसऱ्याच्या पैशातून मी तुम्हाला सूट कशी देऊ?”

गुरुजी निरुत्तर झाले. त्या ३,६०० रुपयांतील निम्मे राज्याच्या तिजोरीत जाणार होते आणि त्याच तिजोरीतून त्यांचे निवृत्तिवेतन येत होते.

रोख सूट मागताना ती कोणाच्या खिशातून येते, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क द्यावे लागत नाही आणि पैसे तत्काळ जमा होतात. नोटांना पूर्वी असलेला वेळेचा लाभ आता उरलेला नाही. क्रेडिट कार्डावर मात्र दुकानदाराला कमिशन पडते. ते वाचत असेल, तर तेवढी सवलत मागणे रास्त आहे. त्याहून पुष्कळ मोठी सूट केवळ नोटांसाठी मिळत असेल, तर ती बहुधा कराच्या रकमेतून येत असते. अर्थात बिलावर कर दिसला नाही म्हणजे लबाडी झाली, असे नव्हे. कंपोझिशन योजनेतील लहान व्यापाऱ्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. बिल मिळणे मात्र आवश्यक.

बिल सोडणारा ग्राहक आपलेही नुकसान करतो. पंखा बिघडला तर हमीचा पुरावा नसतो आणि ग्राहक आयोगापुढे जाताना हात रिकामे राहतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. दुकानदाराचा धोका याहून मोठा आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ज्यांची रोकड वहीत नोंदलेली होती ते रांगेत निर्धास्त उभे राहिले. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे. दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच असून तो घेणाऱ्यावर बसतो. सूट मागणारा घरी निघून जातो आणि जोखीम गल्ल्यावर राहते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या बरोबरीने राज्याच्या नियमांचे उल्लंघनही मोजले आहे. व्यापारी समाजाला ही आठवण शतकानुशतके पुरणारी आहे.

आणखी एक खिसा विसरू नये. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीला जत्रा भरते. तिथे जमिनीवर पाल पसरून बसलेल्या बाईचा सारा व्यवहार मुळातच रोखीचा असतो. तिने उधारी दिलेली नाही, व्याज वाचलेले नाही आणि करही बुडविलेला नाही. तिच्याकडे ‘रोख देतो’ म्हणून मागितलेले दहा रुपये तिच्या संध्याकाळच्या चुलीतून येतात.

त्या दिवशी वृद्ध मालकांनी मुलाला सांगितले, “दोन टक्के सूट बिलातच लिही.” बिलावर दाखविलेली सूट कायद्याला मान्य आहे. २०,००० चे १९,६०० झाले, कर ३,५२८ लागला आणि एकूण २३,१२८ रुपये झाले. गुरुजींनी नोटा मोजून दिल्या, पक्के बिल घडी करून खिशात ठेवले आणि पायऱ्या उतरले. सूट मागण्याची सवय त्यांनी अजून सोडलेली नाही. मागणी तेवढी बदलली आहे. ते म्हणतात, “काही कमी होत असेल, तर बिलात कमी करा.”