पाखरांचे यजमान

भजन करणाराला भजनी मंडळ मिळतें, कुस्ती करणाराला तालीम मिळते. पत्ते खेळणारांना तर गांवचा पार पुरतो. परंतु रोज सकाळीं गच्चीवर मूठभर ज्वारी टाकून चिमण्यांची वाट पाहणाऱ्या तरुणाला, आपल्यासारखाच दुसरा वेडा चार घरें पलीकडे आहे, याचा पत्ता नसतो. तो हें काम कांहींसें चोरूनच करतो. वीस-बावीस वर्षांच्या माणसानें पाखरांत रमावें, हें वडील मंडळींस रिकामपणाचें लक्षण वाटतें. आणि नोकरीच्या शोधांत असलेल्याला तर हा आरोप फारच झोंबतो.

मिरजगांवासारख्या ठिकाणीं हा छंद विशेष चमत्कारिक दिसतो. कर्जत तालुक्यांतील हें गांव अहिल्यानगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें. भोंवतालचा मुलूख रब्बी ज्वारीचा. कणसांत दुधाळ दाणा भरूं लागला, कीं शेतकरी माळ्यावर चढतो आणि गोफण फिरवूं लागतो. मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचा थवा शेतांत उतरला, म्हणजे भूतदयेला सवड राहत नाहीं. थोरला भाऊ शेतांत पाखरें हाकलतो आणि धाकटा अंगणांत त्यांना बोलावतो! यांत कोणास विसंगति दिसेल. आम्हांस दिसत नाहीं. कोणतें पाखरूं कोणत्या वेळीं, कोणत्या बाजूनें येतें, हें राखण करणाराइतकें कोणालाच ठाऊक नसतें. पक्षिप्रेमी तरुणांनीं मंडळ काढलें, तर पहिलें आमंत्रण त्याला द्यावें. हीच भोरडी टोळ आणि नाकतोडेही फस्त करते, हें त्याला तेथें ऐकायला मिळेल. तेवढ्यानें तो गोफण खालीं ठेवील, असें मात्र नाहीं.

मंडळ हवें तें केवळ गप्पांसाठीं नव्हे. या अवर्षणाच्या मुलखांत चैत्र-वैशाखांत दाण्यापेक्षां पाणी मोलाचें. पाण्याचें परळ उथळ हवें, सावलींत हवें, मांजराच्या झडपेबाहेर हवें आणि रोज घासून भरायला हवें. घाण पाण्यांतून पाखरांत रोग पसरतात. पण भरणारा परीक्षेसाठीं पुण्यास गेला, कीं दुसऱ्याच दिवशीं परळ कोरडें. पाखरें सवयीनें येतात, कडेवर बसतात, आंत पाहतात आणि उडून जातात. शेजारच्या गल्लींतील मुलीनें तें आनंदानें भरलें असतें. परंतु त्या दोघांची ओळखच नाहीं. (वडील मंडळींस ही ओळख रुचेल किंवा कसें, हा प्रश्न निराळा.)

चार जण एकत्र आले, म्हणजे माहितीचीही देवघेव होते. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना अळ्या आणि किडे भरवते. तेव्हां विणीच्या दिवसांत ज्वारीच्या मुठीपेक्षां औषध न फवारलेलें झुडूप तिच्या अधिक उपयोगी पडतें. हें एकट्यानें दाणा टाकणाराला सहसा सुचत नाहीं. एकट्याचें औदार्य हट्टालाही लवकर पेटतें. २०२५ सालीं मुंबईंत दादरचा कबुतरखाना बंद झाला, तेव्हां दाणा घालणारे आणि कबुतरांमुळें श्वसनाचे विकार होतात म्हणून धास्तावलेले शेजारी यांच्यांतला वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोंचला होता. मिरजगांवाला अजून तशी वेळ आलेली नाहीं.

मंडळाची पहिली सभा हुरड्याच्या दिवसांत, एखाद्या माळ्याखालींच भरवावी. आगटीभोंवतीं बसून कोणत्या आठवड्यांत कोणीं परळ भरायचें तें ठरवावें, आणि वर राखण करणाराला गोफण थांबवून खालीं येण्याचा आग्रह करूं नये. त्याचा हुरडा वरच पोहोंचता करावा.