आडवं कापायचं की उभं

आंबेगाव तालुक्यातल्या माझ्या आजीचा मांस निवडण्याचा निकष एकच होता : चरबी नको. वाटा घरी आला की मांडीचा लांब धाग्यांचा तुकडा ती आधी वेगळा काढायची, पांढरं दिसेल ते सुरीनं खरवडायची आणि धाग्याच्या दिशेनं उभ्या पट्ट्या सोडवायची. मीठ-हळद लावून त्या दोरीवर. या चान्या. पट्टी उभी कापली की दोरीवर तुटत नाही. चरबी राहिली तर खवट होते आणि अख्खं मडकं नासवते. भीमाशंकरकडून पाऊस लागला की या उन्हाळी चान्या निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर डाळीत सोडायच्या.

वडिलांपुढे चान्यांचं नाव काढायची सोय नव्हती. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं होतं. वडिलांनी त्यात चान्याही धरल्या. त्यांचं मला पटतं. फक्त आजीचं कसबही त्याबरोबर गेलं. पुढे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातलं हेच जेवण छापलेलं दिसलं, तेव्हा मी ती पानं घरात मोठ्यानं वाचली.

गाय कापणं १९७६च्या कायद्यानं बंद होतंच. २०१५ साली बैलही बंद झाला. बेल्ह्याच्या बाजारात थकलेल्या बैलाचं काय करायचं, हा शेतकऱ्याचा प्रश्न झाला. आमच्यासाठी तेव्हापासून मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच.

पास्ट्रामी, म्हणजे खारवून धुरी दिलेलं मांस, मी पहिल्यांदा खाल्ली मुलीकडे गेलो तेव्हा, न्यूयॉर्कच्या ‘कॅट्झ’मध्ये. दुकान १८८८ सालचं. रुमानियातून आलेल्या ज्यूंनी हा प्रकार अमेरिकेत नेला. मीठ तेच, निवड मात्र आजीच्या नेमकी उलटी! इथे हवा सीना, चरबीसकट. गुराला गळपट्टीचं हाड नसतं, पुढच्या अंगाचा भार छातीचे स्नायू पेलतात. म्हणून तो भाग चिवट. मंद आचेवर तासन्‌तास ठेवला की चिवटपणा विरघळतो आणि चरबी मांस कोरडं पडू देत नाही.

म्हशीचा सीना मुळात रोड. पुण्याच्या कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात मी पातळ टोक घेत नाही, पुढचा जाड भाग मागतो आणि वरचा पांढरा थर काढू देत नाही. तो आठवडाभर फ्रिजमध्ये खारवणीत मुरतो. त्यात थोडं नायट्राइट असतं, तेही काट्यावर मोजूनच. अंदाजानं घालायची ती वस्तू नव्हे. मग नुसता उकडला तर कॉर्न्ड बीफ. मिरं-धने थापून धुरी दिली आणि वाफवला तर पास्ट्रामी. कापायचा आडवा, धागे तोडत. उभा कापला तर दातात दोऱ्या येतात.

रानेच्या, म्हणजे मांडीच्या, तुकड्याची पास्ट्रामी करायला मुलगी सांगते, चरबी कमी म्हणून. पण तशी पास्ट्रामी भुसभुशीत होते. रान घरी आलीच तर मी तिच्या पट्ट्या काढतो आणि गच्चीवर दोरी बांधतो.