सेवेचा खर्च आणि कलम 80जी

2018 चा उन्हाळा. बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेचा ‘सुजलाम् सुफलाम्’ उपक्रम सुरू होता. यंत्रे संघटनेची, डिझेल शासनाचे. तलावांतून निघालेला गाळ शेतकरी स्वखर्चाने शेतात नेत. देखरेखीसाठी जाणाऱ्या स्वयंसेवकांत खामगावचे एक कापड व्यापारी होते. दुकान मुलावर सोपवून ते स्वतःच्या मोटारीने तलावावर जात. पेट्रोलच्या पावत्या त्यांनी एका लिफाफ्यात जपल्या होत्या.

विवरणपत्र भरण्याच्या वेळी तो लिफाफा त्यांनी करसल्लागारापुढे ठेवला. उत्तर नकारार्थी आले. तेव्हाच्या आयकर कायद्याचे कलम 80जी मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या रकमेचीच वजावट देत होते. स्वयंसेवकाचा प्रवासखर्च, वेळ किंवा वस्तू त्यात बसत नव्हत्या. रोख देणगीही 2,000 रुपयांपर्यंतच ग्राह्य. अमेरिकेत अशा मोटारप्रवासासाठी मैलामागे 14 सेंट वजावट मागता येते. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

सल्लागाराने एक सरळ मार्ग सांगितला. संस्थेच्या ठरावात तरतूद असल्यास पावत्या देऊन प्रत्यक्ष खर्च तिच्याकडून घ्यावा. पुढे इच्छा झाल्यास धनादेशाने देणगी द्यावी व पावती घ्यावी. मात्र खर्च खरा हवा आणि देणगी स्वेच्छेची.

व्यापाऱ्यांना हे रुचले नाही. धर्मादायाच्या पैशाला हात लावायचा कसा? लहानपणापासून मनावर ठसलेला हा संकोच होता. त्यांनी तो खर्च घरच्या वहीत ‘शुभ खाती’ लिहून टाकला.

पण मग त्यांना आठवली एकाच मोटारसायकलवर येणारी दोन नोकरदार मुले. आठवडाभराने ती यायची थांबली होती. कारण कुणी विचारले नव्हते. आपला संकोच आपल्याला परवडला, त्यांना परवडला नसावा, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. प्रवासखर्च देणे म्हणजे दानाचा अपव्यय नव्हे. तो त्या कार्याचाच खर्च आहे. तो हिशेबात आला नाही, तर सेवा केवळ सधनांची मिरासदारी ठरते.

आता देणगीदाराला संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि नवी करप्रणाली निवडल्यास अशा देणगीची वजावट मिळत नाही. म्हणजे कराचा लाभ अनेकांसाठी संपलाच. स्वयंसेवकांच्या प्रवासखर्चाचा ठराव मात्र प्रत्येक संस्थेला आजही करता येतो. त्या व्यापाऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्याआधी आपल्या स्थानिक विश्वस्तांसमोर तो मांडला आणि पहिली दोन नावे त्या मुलांची सुचवली.