मोरी तुंबते तेव्हा

धर्मगुरूच्या वाट्याला येणारी संकटे एकतर माणसांची असतात किंवा हिशेबाची, अशी आमची अनेक वर्षांची समजूत होती. गेल्या नाताळानंतर मात्र एक संकट स्वयंपाकघरातील सिंकच्या रूपाने आले.

तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सिंक काठोकाठ भरलेले. पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यात तरंगणारी भाताची शिते. आमच्याकडे चौदा वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशी पदर खोचून पाणी उपसत होत्या. सणाची जेवणावळ नुकतीच झाली होती. रश्श्याची चरबी आणि भात सिंकमध्येच गेले असणार, असा निष्कर्ष काढावयास आम्हांला क्षणही लागला नाही.

‘‘मावशी, खरकटे काढून मग भांडी घासावीत, हे आता तुम्हांला शिकवायचे काय?’’ आम्ही जरा चढ्या आवाजात म्हणालो. दारात माळी उभा होता. मावशी काही बोलल्या नाहीत. भांड्यांची पाटी उचलून त्या परसातल्या नळावर गेल्या, आणि पुढचे दोन दिवस तेथेच उन्हात बसून भांडी घासत राहिल्या.

प्लंबरला शनिवारपर्यंत सवड नव्हती. रबरी पंपाने जोर लावून पाहिला. पाणी बुडबुडले, पण हलले नाही. कोणी कॉस्टिक सोडा सुचविला. तो पाण्यात पडताच प्रचंड तापतो, कातडी आणि डोळे भाजतो, म्हणून आम्ही त्या वाटेस गेलो नाही. अखेर तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नाही असे पाहून, आम्ही हातमोजे चढविले, बादली घेतली आणि कुरकुरणारे गुडघे टेकून सिंकखाली शिरलो.

सिंकच्या तळाशी पेल्यासारखा एक भाग असतो. त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. त्यात थोडे पाणी नेहमी साचून राहते आणि तेच गटारातील दुर्गंधी घरात येऊ देत नाही. नळी वाकवून तीत पाणी अडवून ठेवण्याची युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली आपल्या शौचकूपाच्या पेटंटात नोंदविली. घरात स्वच्छ हवा राहावी म्हणून कोणीतरी तळाशी मळके पाणी धरून बसलेले असते, हे आम्हांला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

पेला पिळून सोडविताच बादलीत घाण पाणी धबाधबा पडले. पेला मात्र रिकामा झाला नाही. त्याच्या तोंडाशी एक पांढरट, घट्ट चकती बसली होती. बोटाने खरवडली. ती चरबी नव्हती. ते मेण होते, आणि त्यात चहाचा चोथा रुतला होता.

त्या मोरीपुढे बसल्या बसल्या आम्हांला सारे आठवले. सणाच्या आदल्या रात्री, मावशी घरी गेल्यावर, वेदीवरील सहा पितळी शमादाने आम्हीच सिंकमध्ये ठेवली होती आणि त्यांवर किटलीभर उकळते पाणी ओतले होते. मेण वितळून दिसेनासे झाले, तेव्हा आम्हांला आपल्या चातुर्याचे कौतुकही वाटले होते. पण मेण पाण्याहून हलके. खालच्या गार पाण्यावर ते तरंगले आणि तेथेच थिजले. पहाटेच्या चहाचा चोथाही रोज आम्हीच ओततो. भाताची शिते आली ती त्यानंतर, वाट बंद झाल्यावर.

कॉस्टिक सोड्याने चरबीचा साबण झाला असता. बाजारच्या मेणबत्तीतील पॅराफिनला त्याने काही झाले नसते. 1830 साली रायखेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले ते ‘पारुम’ आणि ‘आफिनिस’ या लॅटिन शब्दांवरून. अर्थ असा, की ज्याचे कोणाशी फारसे सख्य नाही. सेमिनरीत शिकलेले लॅटिन असे मोरीपाशी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

चकती कागदात गुंडाळून केरात टाकणे सोपे होते. कोणाला काही कळले नसते. इतरांना क्षमा मागावयास सांगण्यात आमची हयात गेली, पण परसातल्या नळापर्यंतची ती वीस पावले आम्हांला फार लांब वाटली. माळी तेथेच होता. ते एका अर्थी बरेच झाले.

‘‘मावशी, चूक आमची होती. आम्हांला माफ करा,’’ आम्ही चकती पुढे धरीत म्हणालो.

मावशींनी हातातले पातेले खाली ठेवले. ‘‘मेण मी त्याच दिवशी पाहिलं होतं, फादर. सिंकच्या जाळीला चिकटलेलं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगितलंत.’’

त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही शेजारच्या दगडावर बसलो आणि उरलेली भांडी विसळू लागलो. मावशींनी एकदा ‘राहू द्या’ म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले नाही.

आता शमादाने आम्ही जुन्या डब्यात धरून मेण गार झाल्यावर खरवडतो, आणि चहाचा चोथा मावशींच्या कढीपत्त्याला घालतो.