शेत राखायचं, तर घरं कुठे?

‘थ्राइव्ह मॉन्टगोमेरी २०५०’ या आराखड्याला मी उघड विरोध केला होता. सुनावणीत बोलले, निवेदनावर सही केली, शेजारपाजाऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. आज मी त्या आराखड्याच्या बाजूने आहे. तेव्हा माझ्या शब्दावर सही करणाऱ्या इथल्या मराठी मंडळींना हा बदल खटकतो, आणि त्यांना कारण कळायलाच हवं.

मेरिलँड राज्यातली मॉन्टगोमेरी काउंटी वॉशिंग्टनला उत्तरेकडून चिकटून आहे. वस्ती दहा लाखांच्या वर. इथल्या नियोजनाचा पाया १९६४ चा आराखडा. तळहात पसरावा तशी त्या आराखड्याची मांडणी होती. राजधानीकडून निघणारे मोठे रस्ते ही बोटं, घरं-दुकानं त्यांच्या कडेने, आणि बोटांमधल्या जागेत शेतं, रानं, ओढे. रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, जर्मनटाउन ही आपल्या लोकांच्या ओळखीची गावं त्यातल्या एकाच बोटावर येतात.

पण नकाशात हिरवा रंग भरला म्हणून शेत वाचत नाही. सत्तरच्या दशकात ग्रामीण भागासाठी ५ एकरांना एक घर असा नियम झाला. हेतू चांगला होता, पण ५ एकर शेतीला अपुरे आणि बंगल्याला भरपूर, त्यामुळे जमिनीचे तुकडे पडतच राहिले. अखेर १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकर, म्हणजे काउंटीची जवळपास एक तृतीयांश जमीन, शेतीसाठी राखीव झाली आणि तिथे २५ एकरांना एकच घर बांधायची मुभा उरली. यात शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव पडणार हे उघड होतं. त्याची भरपाई म्हणून त्याला टीडीआर मिळाला, म्हणजे शेतात न बांधलेल्या घरांचा हक्क दुसरीकडच्या बांधकामासाठी विकायची मुभा. मुंबईकरांना हा शब्द १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून परिचयाचा. तिथे तो ऐकला की डोळ्यांसमोर टॉवर येतात. इथे त्याच्या जोरावर शेतं राखली आहेत.

हे राखीव क्षेत्र मला फार प्रिय आहे. मुलं लहान असताना उन्हाळ्याच्या तोंडाशी स्ट्रॉबेऱ्या तोडायला आणि ऑक्टोबरात भोपळे आणायला आम्ही तिकडेच जायचो. भारतातून कोणी आलं की त्यांना पूल्सव्हिलच्या रस्त्याने एक चक्कर ठरलेली. माझा विरोध या प्रेमातूनच आला होता. मोठ्या रस्त्यांलगतच्या जुन्या बंगल्यांच्या वस्तीतही जोडघरं आणि तीन-चार बिऱ्हाडांच्या छोट्या इमारती याव्यात, असं नवा आराखडा सुचवत होता. आमची गल्ली जॉर्जिया ॲव्हेन्यूपासून हाकेच्या अंतरावर. मला वाटायचं, बिल्डर आज आमच्या गल्लीत शिरले की उद्या शेतात शिरतील, म्हणून त्यांना इथेच अडवावं.

हा समज मोडला शनिवारच्या बाजारात. मक्याची कणसं घेताना मी विषय काढला, तर राखीव क्षेत्रातल्या त्या शेतकऱ्याने खाकी कागदी पिशवी पालथी घातली आणि पेन्सिलीने हिशेबच मांडला. शेत १०० एकर. दर ५ एकरांमागे एक हक्क, म्हणजे २०. जागेवर ४ घरं बांधता येतात, त्यांच्यासाठी ४ हक्क राखायचे. उरलेले १६ विकायला मोकळे. ते बिल्डर विकत घेतो आणि काउंटीने नेमून दिलेल्या शहरी भागात जादा घरं बांधतो. या शेतकऱ्याच्या वडिलांनी असेच हक्क विकून कर्ज फेडलं होतं. सोळाच्या आकड्याभोवती गोल करून तो म्हणाला, “तुमच्याकडे जादा घर कुणी बांधूच दिलं नाही, तर हे घ्यायला येणार कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथली ५० हजारांहून अधिक एकर शेतजमीन टीडीआरच्या करारांनी बांधलेली आहे. वापरल्या गेलेल्या प्रत्येक हक्कामागे शहरी भागात कुठे ना कुठे एक जादा घर उभं आहे. शेतं टिकली ती कुणीतरी आपल्या वस्तीत दाटी सोसली म्हणून, आणि मी शेतांची बाजू घेऊन त्या दाटीलाच नको म्हणत होते.

शिवाय इथे घर न परवडणारी माणसं कामाला इथेच येतात. राहायला ती पलीकडच्या फ्रेडरिक काउंटीत जातात, तिथे शेतांवर वसाहती उठतात, आणि रोज सकाळी २७० नंबरच्या हायवेवर गाड्यांची रांग लागते. आमच्या ओळखीच्या पाळणाघरातल्या बाई अशाच अंधारात घर सोडतात. आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. आपण ज्यांचं ‘जुनं वळण’ जपायचं म्हणतो, त्यातल्या कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतांत एकेकाळी कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी अट असायची. आपल्यालाही तिथे कुणी पायघड्या घातल्या नसत्या.

काउंटी कौन्सिलने आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर केला. नुसत्या आराखड्याने झोन बदलत नाही, त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते. काही हमरस्त्यांलगत अशी घरं बांधू देणारी दुरुस्ती जुलै २०२५ मध्ये झाली. ती फार मोठी नाही, आणि माझ्या मते आणखी आत यायला हरकत नव्हती.

माझ्या सगळ्याच शंका फिटल्या आहेत असं मात्र नाही. झाडांची काळजी आहे, आणि त्याहून जास्त पावसाच्या पाण्याची. आमच्याकडे एक जोराची सर आली तरी तळघरात पाणी येतं. परसातली माती फरशीखाली गेली, तर तेवढं पाणी स्लायगो क्रीकच्या दिशेने धावणार. घरं नाकारणं हा त्यावर उपाय नाही. परवान्याआधी प्रत्येक प्लॉटचं पाणी कुठे मुरणार हे नकाशावर दाखवायला लावणं हा आहे. पुढच्या सुनावणीत मी तेच मागणार आहे, जोडघरांच्या बाजूने बोलून झाल्यावर.